ऑनलाइन फॉर्म भरताना घोडं पेंड कुठे खातं? जावाच्या वेब-चौकटींच्या उणिवा समजून घेऊ या



शाळेचं निम्मं कागदी काम आता ऑनलाइन झालं आहे. विद्यार्थी नोंदणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराची माहिती, पगारबिलं, सगळं पोर्टलवर. अर्धा तास बसून माहिती भरावी, ‘जतन करा’ दाबावं आणि समोर यावं, ‘आपले सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा.’ किंवा मुलाचं नाव नीट मराठीत लिहावं आणि छापील प्रतीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसावी. अशा वेळी आपण दोष देतो रेंजला. कोकणात तो दोष पुष्कळदा खराही असतो. पण प्रत्येक वेळी नाही. काही अडचणी ते पान ज्या पद्धतीने बांधलेलं असतं, त्या बांधणीतच असतात.

सरकारी आणि मोठ्या संस्थांच्या कामांत ही बांधणी अनेकदा ‘जावा’ या भाषेतली असते. पालकही हल्ली विचारतात, ‘गुरुजी, मुलाला जावाचा क्लास लावू की जावास्क्रिप्टचा?’ म्हणून आजच्या पाठात हा विषय घेऊ. कुठल्याही एका पोर्टलला नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. अडचण का येते ते कळलं तर ती टाळता येते, एवढाच हेतू.

आधी तीन शब्द

ब्राउझर म्हणजे आपल्या मोबाइलवरचं किंवा संगणकावरचं पान दाखवणारं ॲप. क्रोम, फायरफॉक्स वगैरे. सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी ठेवलेला मोठा संगणक. आपली माहिती तिथे साठते. आणि फ्रेमवर्क म्हणजे चौकट. घर बांधताना दारं-खिडक्यांच्या तयार चौकटी आणून बसवतो ना, तसंच. प्रोग्रॅमरने प्रत्येक पान शून्यापासून लिहायचं नाही, तयार चौकटीत आपलं काम बसवायचं.

आता एक गोष्ट पक्की लक्षात ठेवू. ब्राउझरला तीनच भाषा मुळात कळतात. पानाचा सांगाडा सांगणारी एचटीएमएल, रंगरूप सांगणारी सीएसएस आणि हालचाल सांगणारी जावास्क्रिप्ट. जावा ब्राउझरला कळत नाही. पुढच्या बहुतेक उणिवांचं मूळ याच एका वाक्यात आहे.

१९९५ : एकाच वर्षातली तीन भावंडं

सन मायक्रोसिस्टीम्स या कंपनीने १९९५ मध्ये जावा जगासमोर आणली. तिचे जनक जेम्स गॉस्लिंग. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत एका छोट्या भाषेचा पहिला नमुना तयार केला. तिला पुढे नाव मिळालं जावास्क्रिप्ट. नाव सारखं, कारण जावाची तेव्हा हवा होती. नात्याने दोघी वेगळ्या. आंबा आणि आंबाडी यांचं जेवढं नातं, तेवढंच. आणि त्याच वर्षी रास्मुस लेर्डोर्फ यांनी पीएचपी लोकांना खुली केली.

सुरुवातीला जावाने थेट ब्राउझरमध्ये घर करायचा प्रयत्न केला. त्या प्रकाराला ‘ॲपलेट’ म्हणत. पण त्यासाठी वेगळं प्लगइन टाकावं लागे, पान उघडायला वेळ लागे आणि सुरक्षिततेच्या भानगडी निघत. २०१५ मध्ये क्रोमने अशा प्लगइनांना दार बंद केलं आणि २०१८ च्या अकराव्या आवृत्तीत जावानेच ही सोय काढून टाकली. म्हणजे ब्राउझरच्या अंगणात जावा टिकली नाही. जिला लहान समजलं ती जावास्क्रिप्ट टिकली.

मग जावा सर्व्हरवर गेली. तिथून तयार पान बनवून ब्राउझरला पाठवायचं. १९९७ मध्ये सर्व्हलेट आलं, १९९९ मध्ये जेएसपी, २००० मध्ये स्ट्रट्स, २००४ मध्ये जावासर्व्हर फेसेस म्हणजे जेएसएफ. काही पोर्टलांच्या पत्त्याच्या शेवटी ‘जेएसपी’ ही अक्षरं दिसतात, ती या घराण्याची खूण. पीएचपी किंवा एएसपीएक्स दिसलं तर घराणं वेगळं. अर्थात शेवटच्या अक्षरांवरून पान चांगलं की वाईट हे ठरत नाही. बांधणारे हात चांगले असतील तर कुठल्याही चौकटीत चांगलं काम होतं. तरी चौकटीचे म्हणून काही दोष असतातच. ते आता एकेक पाहू.

उणीव १ : नमनाला घडाभर तेल

पीएचपीमध्ये एक फाइल लिहिली, सर्व्हरवर टाकली, पान ताजं केलं की बदल समोर दिसतो. जावाच्या जुन्या चौकटींत तसं नव्हतं. एक साधं पान दाखवायचं तरी वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये नोंद करायची की हा पत्ता आला तर अमुक वर्ग चालवा, काम झालं तर तमुक पान दाखवा. मग सगळं संकलित करायचं, गठ्ठा बांधायचा, सर्व्हरवर चढवायचा, सर्व्हर पुन्हा उभा राहीपर्यंत थांबायचं. एका अक्षराची चूक सापडली की येरे माझ्या मागल्या.

२००४ मध्ये डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी रुबी भाषेतली रेल्स ही चौकट आणली. तिचं तत्त्व साधं होतं. नावं ठरलेल्या पद्धतीने द्या, मग वेगळी नोंद करायची गरज नाही. आपल्याकडे हजेरीपटाचा नमुना ठरलेला असतो, त्यामुळे नवीन शिक्षक आला तरी कुठला रकाना कशाचा हे सांगावं लागत नाही, तसंच हे. पायथन भाषेतली जँगो २००५ मध्ये आली. तिने माहिती भरायची-बदलायची पानं जवळजवळ आपोआप बनवून द्यायला सुरुवात केली.

यात आपला काय संबंध? संबंध असा की बदल करायला जेवढा त्रास, तेवढा बदल लांबणीवर. फॉर्ममधला एक चुकीचा रकाना दुरुस्त व्हायला महिना लागतो, त्यामागे कार्यालयीन कारणं असतीलच, पण ही जड बांधणीही एक कारण असू शकतं.

उणीव २ : प्रत्येक गोष्टीसाठी तालुक्याला हेलपाटा

समजा, इन्सुलीतल्या माणसाला एक अर्ज भरायचा आहे. जिल्ह्याचं नाव लिहिलं की कागद घेऊन सावंतवाडीला जायचं, तिथला कारकून तालुक्यांची यादी जोडून देणार. परत यायचं. तालुका लिहायचा, पुन्हा सावंतवाडी, आता गावांची यादी. परत यायचं. जन्मतारीख चुकली हे कळायलाही सावंतवाडीलाच जायचं. एका अर्जाला दहा फेऱ्या. हसू येईल, पण जुन्या सर्व्हर-पद्धतीची पानं नेमकी अशीच चालतात. आपण जिल्हा निवडला की अख्खं पान पांढरं होतं, गोल चक्र फिरतं आणि सगळं पान नव्याने येतं.

जेएसएफमध्ये यावर आणखी एक ओझं आहे. पानावर कुठले रकाने आहेत, कशात काय भरलं आहे, याची एक स्थिती-नोंद ही चौकट ठेवते. ती नोंद पानातच लपवून पाठवली, तर प्रत्येक दाबाबरोबर तेवढं गाठोडं वर जातं आणि खाली येतं. शहरात वेगवान नेट असेल तर हे जाणवत नाही. घाटाच्या कुशीतल्या वाडीत एक कांडी रेंज असते तिथे मात्र हेच गाठोडं पान अडकवतं.

अँग्युलर, रिॲक्ट, व्ह्यू या जावास्क्रिप्टच्या चौकटींनी (अनुक्रमे २०१०, २०१३ आणि २०१४) हा हेलपाटा वाचवला. यादी एकदा आणायची, रकान्यांची तपासणी आपल्या मोबाइलवरच करायची आणि शेवटी फक्त भरलेली माहिती पाठवायची. अख्खं पान नाही, फक्त माहिती. गावातल्याच माणसाने अर्ज तपासून दिला तर सावंतवाडीला एकच फेरी, तसं.

इथे एक बारकावा आहे. घरी कागदपत्रं तपासून निघालेल्या ट्रकवाल्यालाही इन्सुलीच्या नाक्यावर थांबून ती दाखवावीच लागतात. ‘घरी बघितली होती’ म्हणून नाका सोडत नाही. तसंच मोबाइलवर तपासणी झाली तरी सर्व्हरने पुन्हा तपासलंच पाहिजे. नाहीतर कुणीही लबाडी करून खोटी माहिती आत सोडेल. म्हणजे नव्या पद्धतीत काम वाचत नाही, भरणाऱ्याची फेरी वाचते.

उणीव ३ : सर्व्हरच्या आठवणीवर भिस्त

आपण लॉगिन केलं की सर्व्हर आपल्यासाठी एक कप्पा उघडतो. त्याला सत्र म्हणतात. जावाची पानं चालवणारा एक फार प्रचलित सर्व्हर आहे टॉमकॅट. त्यात ही मुदत मुळात ३० मिनिटं ठेवलेली असते. चालवणारे ती बदलू शकतात. आता गंमत बघा. आपण फॉर्ममध्ये टाइप करत असतो तेव्हा सर्व्हरला काहीच कळत नसतं. बटण दाबलं तरच त्याला निरोप जातो. त्यामुळे चाळीस मिनिटं घाम गाळून भरलेला मोठा फॉर्म आपल्या दृष्टीने काम असतं आणि सर्व्हरच्या दृष्टीने चाळीस मिनिटांची झोप. तो कप्पा बंद करून मोकळा होतो.

सत्राची मुदत इतर भाषांतही असते. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये तर ती मुळात २० मिनिटंच आहे. पण जेएसएफमध्ये फॉर्मची स्थितीही त्याच कप्प्यात ठेवायचा प्रघात पडला. तिच्या एका प्रमुख आवृत्तीत एका व्यक्तीसाठी मुळात १५ पानांची आठवण ठेवली जाते. जास्त पानं उघडली की सर्वांत जुनं पान विसरलं जातं आणि त्या पानावरचं बटण दाबलं की ‘हे दृश्य आता उपलब्ध नाही’ अशा अर्थाची चूक येते. जुन्या जेएसएफमध्ये तर पत्त्याच्या पट्टीतला पत्ताही एक पान मागे राहत असे. पान दुसरं, पत्ता पहिल्याचा. त्यामुळे ‘मागे जा’ दाबलं की गोंधळ. २००९ च्या दुसऱ्या आवृत्तीत यावर बराच उपाय झाला आणि २०१३ च्या २.२ आवृत्तीत सर्व्हरने स्थिती न ठेवण्याचीही सोय आली.

यातला सर्वांत धोक्याचा भाग दोन टॅबचा. समजा, बांधणाऱ्याने ‘सध्या चालू असलेला विद्यार्थी’ ही नोंद सत्राच्या कप्प्यात ठेवली आहे. आपण एका टॅबमध्ये तिसरीतल्या मुलीचा फॉर्म उघडला, तो तसाच ठेवून दुसऱ्या टॅबमध्ये चौथीतल्या मुलाचा उघडला. कप्पा एकच, त्यामुळे आता ‘चालू विद्यार्थी’ चौथीतला. पहिल्या टॅबमध्ये परत येऊन मुलीचा बँक खाते क्रमांक जतन केला की तो जातो मुलाच्या नोंदीत. पडद्यावर सगळं ठीक दिसतं. शिष्यवृत्ती जमा व्हायच्या वेळी कळतं की कुणाचं खातं कुणाला लागलं. ज्या घरात त्या पैशावर वह्या-दप्तर अडलेलं असतं, तिथे ही नुसती तांत्रिक चूक राहत नाही.

आणि शेवटच्या तारखेला काय होतं? सगळ्या शाळा एकदम लॉगिन करतात. प्रत्येकासाठी कप्पा, प्रत्येक कप्प्यात पानांच्या आठवणी. सर्व्हरची जागा भरते. साइट बसते.

उणीव ४ : आपली मराठी अक्षरं

ही उणीव आपल्या जिव्हाळ्याची. खरं तर जावा जन्मापासून युनिकोड जाणते. म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या तिच्या पोटात मावतात. त्या काळात हे फार पुढचं पाऊल होतं. पण घर आतून मोठं असून काय उपयोग, दार जर अरुंद असेल तर? जावाच्या वेब-पद्धतीत फॉर्ममधून आलेली अक्षरं, वेगळं काही सांगितलं नसेल तर, पश्चिम युरोपातल्या लिपीची समजून वाचायची असा नियम होता. त्या लिपीत देवनागरी नाही. प्रोग्रॅमरने माहिती वाचण्याच्या आधी ‘ही युटीएफ-८ आहे’ असं सांगायला हवं. सांगायचं राहिलं किंवा उशिरा सांगितलं की ‘इन्सुली’च्या जागी चित्रविचित्र युरोपीय अक्षरं उमटणार. आणि पुढे कुठल्या तरी टप्प्यावर ती अक्षरं न मावणाऱ्या कप्प्यात गेली की नुसती प्रश्नचिन्हं. एकदा प्रश्नचिन्हं साठली की मूळ नाव परत मिळत नाही, पुन्हा टाइपच करावं लागतं.

पानावरची मराठी लेबलं ठेवायच्या फाइलींचंही तेच. जावाच्या आठव्या आवृत्तीपर्यंत त्या फाइली त्याच युरोपीय पद्धतीने वाचल्या जात. त्यामुळे प्रत्येक देवनागरी चिन्हासाठी सहा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक लिहावा लागे. ‘इन्सुली’ हा शब्द संगणकाच्या हिशेबात सात चिन्हांचा. इ, न, हलन्त, स, उकार, ल, ईकार. म्हणजे गावाचं नाव लिहायला ४२ अक्षरं! ती वाचून शुद्धलेखन कोण तपासणार? मराठी पोर्टलांवर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहतात, त्याचं एक कारण इथेही असू शकतं. २०१७ च्या नवव्या आवृत्तीपासून या फाइली युटीएफ-८ मध्ये लिहिता येऊ लागल्या आणि २०२२ च्या अठराव्या आवृत्तीत जावाने युटीएफ-८ हीच मूळ पद्धत मानली.

प्रतिस्पर्ध्यांत जँगो आणि रेल्स यांनी ही पद्धत बरीच आधी सर्वत्र लावली. एएसपी डॉट नेटही फॉर्ममधली अक्षरं मुळात युटीएफ-८ समजून वाचते. पीएचपीची बाजू मात्र लंगडी. तिला पूर्ण युनिकोड करण्याचा मोठा प्रयत्न २०१० मध्ये सोडून द्यावा लागला. आजही पीएचपीची साधी लांबी मोजणारी सूचना ‘इन्सुली’ची लांबी २१ सांगते, कारण ती चिन्हं मोजत नाही, साठवणीचे घटक मोजते. म्हणजे या बाबतीत जावाला एकटीला दोषी धरता येत नाही.

उणीव ५ : ब्राउझर लपवण्याचा हट्ट

जावाच्या बऱ्याच चौकटींनी प्रोग्रॅमरला सांगितलं, ‘तुम्ही फक्त जावा लिहा, एचटीएमएल आणि जावास्क्रिप्ट आम्ही बघतो.’ गूगलची २००६ मधली जीडब्ल्यूटी ही चौकट तर जावाचंच रूपांतर जावास्क्रिप्टमध्ये करायची. कल्पना छान, पण ती प्रत्येक ब्राउझरसाठी आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा संच बनवायची. पाच ब्राउझर आणि मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषा धरल्या तर पंधरा संच! प्रत्येक मोठ्या बदलानंतर तेवढी वाट पाहायची.

जेएसएफमध्ये तयार घटकांचे संच मिळतात. कॅलेंडर, तक्ता, यादी असं बरंच. सावंतवाडीच्या बाजारातून रंगवलेलं लाकडी खेळणं आणावं, तसं ते तयार मिळतं. दिसतं सुंदर. पण खेळण्याचा हात थोडा वर हवा असेल तर? कारागिरालाच गाठायला हवं. तयार घटकात छोटा बदल करायचा झाला की आत उतरून त्याने बनवलेलं एचटीएमएल समजून घ्यावं लागतं. आणि तेच तर लपवलेलं असतं. कारागिराने दुकान बंद केलं तर आणखी पंचाईत. रिचफेसेस हा एके काळचा लोकप्रिय संच २०१६ मध्ये थांबला. त्यावर उभ्या असलेल्या कामांना दुसरं घर शोधावं लागलं.

उणीव ६ : वरातीमागून घोडं

जावाचे नियम समितीत ठरतात. अनेक कंपन्या बसतात, मसुदा होतो, चर्चा होते. टिकाऊपणासाठी हे चांगलं, वेगासाठी नाही. जेएसएफचं काम २००१ मध्ये सुरू झालं आणि पहिली आवृत्ती आली मार्च २००४ मध्ये. पुढच्याच महिन्यात, १ एप्रिलला, गूगलने जीमेल दाखवलं. अख्खं पान न बदलता पत्र उघडत होतं! फेब्रुवारी २००५ मध्ये या तंत्राला ‘अजॅक्स’ असं नाव पडलं. जेएसएफच्या नियमांत अजॅक्स आलं ते २००९ मध्ये. तोवर प्रत्येक संचाने आपापला उपाय काढला होता आणि ते एकमेकांशी जुळत नव्हते.

जानेवारी २०१४ मध्ये थॉटवर्क्स या सल्लागार कंपनीने आपल्या तंत्रज्ञान-आढाव्यात जेएसएफ टाळण्याचा सल्ला दिला. त्यावर जेएसएफच्या बाजूच्या लोकांनी जोरदार उत्तरंही दिली. वाद आजही मिटलेला नाही. पण नवीन काम सुरू करणाऱ्यांचा ओढा जावास्क्रिप्टकडे गेला, हे खरं.

सुरक्षिततेचा एक धडा

मार्च २०१७ मध्ये स्ट्रट्सच्या दुसऱ्या पिढीत एक गंभीर भोक सापडलं. ते बुजवणारी आवृत्तीही लगेच मिळाली. अमेरिकेतल्या एक्विफॅक्स या कंपनीने ती वेळेत बसवली नाही. मे ते जुलै या काळात चोर आत होते आणि सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. दोष चौकटीचा होता, तसाच दुरुस्ती न करणाऱ्यांचाही. कौल फुटला हे कळल्यावरही पावसाळ्यापूर्वी शाकारणी केली नाही, तर घर गळणारच. वर्डप्रेससारख्या पीएचपीच्या कामांतही जुनी प्लगइन्स तशीच ठेवल्याने चोऱ्या होतात. मुलांची माहिती साठवणाऱ्या कुठल्याही प्रणालीबद्दल ‘शेवटची दुरुस्ती कधी झाली?’ हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

मग प्रतिस्पर्धी धुतल्या तांदळासारखे?

तसंही नाही. थोडक्यात पाहू.

* पीएचपी : शिकायला सोपी, सर्व्हर स्वस्त मिळतो. वर्डप्रेस, विकिपीडिया, मूडल यांची बांधणी तिचीच. पण शिस्त न पाळता लिहिली तर काही वर्षांनी कुणालाच उलगडत नाही.
* एएसपी डॉट नेट : २००२ मधल्या तिच्या वेब फॉर्म्समध्येही पानात गाठोडं लपवायची जेएसएफसारखीच खोड होती. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये वेगळी, हलकी चौकट दिली आणि पुढच्या नव्या पिढीत वेब फॉर्म्स नेलेच नाहीत.
* रेल्स आणि जँगो : काम लवकर उभं राहतं, पण आपल्याकडे जावाच्या तुलनेत माणसं कमी मिळतात.
* जावास्क्रिप्टच्या चौकटी : पान चपळ, पण पहिल्यांदा उघडताना बरंच सामान उतरवावं लागतं. स्वस्तातल्या जुन्या मोबाइलवर हे जड जातं. शिवाय बदल फार वेगाने. अँग्युलरची २०१६ मधली आवृत्ती जुन्या अँग्युलरशी जुळतच नव्हती. कित्येकांना काम पुन्हा लिहावं लागलं. आगीतून फुफाट्यात, असंही काहींचं झालं.

जावाचं मोठं बळ इथेच दिसतं. वीस वर्षांपूर्वीचं जावातलं काम आजही बहुधा चालतं. पैशांचे हिशेब, लाखो नोंदी, एकाच वेळी अनेकांची कामं यांत ती भक्कम आहे. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी वाटणी झाली आहे. दर्शनी भाग जावास्क्रिप्टचा, मागचा कणा जावाचा. आपल्या ओळखीचं उदाहरण म्हणजे ‘दीक्षा’. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतं ते. २०१७ मध्ये सुरू झालेली दीक्षा ‘सनबर्ड’ या खुल्या प्रणालीवर उभी आहे. तिच्या पोर्टलचा दिसणारा भाग अँग्युलरमध्ये आणि मागच्या सेवांचा मोठा भाग जावा व तिच्याच कुटुंबातल्या स्काला भाषेत. जावाला पडद्यावरून काढून माजघरात नेलं, तेव्हा ती शोभली.

फॉर्म भरताना आपण काय करावं?

१) मोठी माहिती आधी वहीत किंवा एक्सेलमध्ये तयार ठेवा. मग पोर्टलवर भरायला दहा मिनिटं पुरतात, सत्र संपत नाही.
२) टप्प्याटप्प्याने ‘जतन करा’ दाबत राहा. टाइप करणं सर्व्हरला दिसत नाही, बटण दिसतं.
३) दोन विद्यार्थ्यांचे फॉर्म दोन टॅबमध्ये कधीही उघडू नका.
४) ब्राउझरचं ‘मागे’ बटण टाळा. पानावरचंच बटण वापरा.
५) पान फिरत असताना ‘जमा करा’ पुन्हा पुन्हा दाबू नका. नोंद दोनदा होऊ शकते.
६) मराठी नावं युनिकोड कीबोर्डनेच लिहा. कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर चिकटवू नका.
७) जतन झाल्यावर ती नोंद पुन्हा उघडून नाव आणि खाते क्रमांक डोळ्यांनी तपासा.
८) तक्रार करताना ‘साइट चालत नाही’ एवढंच न लिहिता तारीख, वेळ, कुठलं पान आणि चुकीच्या संदेशाची पहिली ओळ लिहा. दुरुस्त करणाऱ्याला नेमकी तीच लागते.

वर्गात घेता येईल असा उपक्रम : ‘कागदी सर्व्हर’

चौथी-पाचवीला हा खेळ छान जमेल. व्हरांड्याच्या एका टोकाला एक मूल ‘सर्व्हर’ म्हणून बसवा. दुसऱ्या टोकाला दोन गट. दोघांनाही दहा रकान्यांचा एकच फॉर्म. ‘अ’ गटाने प्रत्येक रकाना भरला की कागद सर्व्हरकडे पळवत न्यायचा, बरोबरची खूण घेऊन परत यायचं. ‘ब’ गटाजवळ नियमांची चिठ्ठी आधीच ठेवा. त्यांनी जागेवर तपासून शेवटी एकदाच जायचं. फेऱ्या मोजा. एका गटाच्या दहा, दुसऱ्याची एक. मग दुसरी फेरी खेळा. ‘अ’ गटाने कागद सर्व्हरकडेच ठेवायचा आणि दोन मिनिटांत कुणी आलं नाही तर सर्व्हरने तो फाडून टाकायचा. सत्र संपणं म्हणजे काय, हे वेगळं समजावून सांगावंच लागणार नाही. शेवटी विचारा, ‘ब गटाने चुकीची चिठ्ठी मुद्दाम वापरली तर?’ सर्व्हरनेही का तपासायचं, ते मुलंच सांगतील.

पालकांच्या प्रश्नाचं उत्तर

मुलाला किंवा मुलीला वेबपानं बनवायची आवड असेल तर सुरुवात एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टने करू द्या. जुना मोबाइल आणि साधा संगणक पुरतो, केलेलं लगेच दिसतं आणि गोडी टिकते. पुढे डिप्लोमा किंवा पदवीला जावा आली तर ती मनापासून शिकावी. तिच्यामुळे विचाराला शिस्त लागते आणि मागच्या कण्याची कामं आजही तिच्याकडे भरपूर आहेत. फक्त कुठल्याही क्लासच्या जाहिरातीत जेएसपी-स्ट्रट्स एवढंच शिकवणार असं दिसलं, तर एक प्रश्न जरूर विचारा, ‘स्प्रिंग बूट शिकवता का?’ २०१४ मध्ये आलेल्या या चौकटीने जावाचं घडाभर तेल बरंच कमी केलं आहे आणि आजची जावाची कामं बहुतांशी तिच्यात चालतात.

चौकट कुठलीही असो, ती भरणाऱ्याच्या बाजूने बांधली आहे का, हाच खरा प्रश्न. शेवटी त्या रकान्यात एका मुलाचं नाव असतं. आपल्या शाळेत कागदी सर्व्हरचा खेळ घेतला तर मुलांनी काय उत्तरं दिली ते खाली टिप्पणीत नक्की लिहा.